दिवाणाखालचे गठ्ठे आणि पंडिता रमाबाई

शनिवार सकाळ. हातात चहा, आणि दिवाणाखाली पुस्तकांचे गठ्ठे. गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या जुन्या विहिरींवर मी पदरचे पैसे घालून एक छोटंसं पुस्तक काढलं. ३०० प्रती छापल्या, त्यातल्या १८० अजून घरातच आहेत. "अरे, चार लोकांना सांग तरी," बायको म्हणते. पण आपल्याच पुस्तकाबद्दल आपणच बोलायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. (कोड लिहायला सांगा, रात्रभर बसतो. विकायला सांगा, पोटात गोळा!)

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांच्याबद्दल शाळेत आपण दोन ओळी वाचलेल्या असतात. पण आपलं पुस्तक लोकांपर्यंत कसं न्यावं, हे त्यांच्याइतकं कळलेला लेखक मला तरी दुसरा माहीत नाही.

त्यांचं लहानपण वणवण फिरण्यात गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे देवळांतून, तीर्थक्षेत्रांतून पुराणं वाचायचे आणि श्रोते जे देतील त्यावर घर चालायचं. आईवडील दुष्काळात गेले. पुढे १८७८ साली भावाबरोबर कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. म्हणजे बघा, अनोळखी माणसांसमोर उभं राहायचं, त्यांना धरून ठेवायचं आणि मग संकोच न करता झोळी पुढे करायची, हे शिक्षण त्यांना घरातच मिळालं होतं.

१८८२ साली नवरा वारला. पदरात लहानगी मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात 'स्त्रीधर्मनीति' हे त्यांचं मराठी पुस्तक निघालं, आणि त्याच्या विक्रीतून आलेले पैसे १८८३ च्या इंग्लंडच्या प्रवासाला लागले. पुस्तक विकून बोटीचं तिकीट!

दुसरं पुस्तक त्याहून मोठी गोष्ट करून गेलं. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई गेल्या आणि पुढे अडीचेक वर्षं अमेरिकेतच राहिल्या. १८८७ साली फिलाडेल्फियात त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक आलं. प्रस्तावना लिहिली आनंदीबाईंच्या कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडले यांनी. अमेरिकन वाचक आनंदीबाईंना ओळखत होता, बॉडलेंना ओळखत होता. त्या ओळखीच्या दारातून रमाबाई आत गेल्या. आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण काय? चक्क आवाहन. विधवांसाठी शाळा काढायची आहे, मदत करा.

मग गावोगाव व्याख्यानं. हजारो प्रती खपल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने शाळेचा खर्च १० वर्षं उचलायचं ठरवलं. ११ मार्च १८८९ ला (पुन्हा तीच तारीख, बरं का) मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे, सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या. फिलाडेल्फियात छापलेल्या पुस्तकाचा धागा असा हिंगण्यापर्यंत येतो.

पण हे सगळं फुकट पडलं नाही. घरचं दुःख परक्यांच्या सभेत मांडून पैसे आणले, हे इथल्या अनेकांना बोचलं. त्यात रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. शाळेत धर्म शिकवणार नाही हे वचन पाळलं जात नाही, असा गदारोळ उठला, 'केसरी'ने झोड उठवली, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मला इथे दोन्ही बाजू कळतात. ज्यांच्याबद्दल ते पुस्तक होतं त्या बायकांना ते वाचता येणार नव्हतं. पण ज्यांना वाचता येत होतं, त्यांच्याकडे पैसे होते.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. १८८९ मध्येच रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर आणि आपल्या प्रवासावर मराठीत पुस्तक काढलं. तिकडच्यांना इकडचं सांगितलं, तसं इकडच्यांना तिकडचंही.

असो. या सगळ्यातून माझ्यापुरतं एवढं उमजलं. रमाबाई पुस्तक घ्या म्हणून फिरत नव्हत्या; शाळा हवी म्हणून फिरत होत्या, पुस्तक झोळीत होतं. मी मात्र नुसता पुस्तकापाशीच अडखळत बसलो. आमच्याकडच्या दोन विहिरी गेल्या दोन वर्षांत बुजवल्या गेल्या, हे मी कुणाला सांगितलंच नाही.

उद्या रविवार. एक गठ्ठा गाडीत टाकून गावी निघालोय. पारावर बसून विहिरींबद्दल बोलीन म्हणतो. पुस्तकाचं कुणी विचारलंच, तर पिशवीत आहे.