शिपायाचे पत्र कोणाच्या दप्तरी?

वाचकहो, चिमूरचे नाव निघाले की आपल्यापुढे १६ ऑगस्ट १९४२ चा दिवस उभा राहतो. नागपंचमीचा सण, रस्त्यावर आलेले गाव, गोळीबारात पडलेला बालाजी रायपूरकर, खवळलेल्या जमावाच्या हातून मारले गेलेले सरकारी अधिकारी, आणि त्यानंतर गावात शिरलेले गोरे लष्कर. त्या लष्कराने येथील स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी, म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले होते. तेव्हा चिमूरच्या माणसाला शिपाई म्हणजे दार फोडून घरात घुसणारा माणूस वाटला, तर त्यात नवल काही नाही.

परंतु शिपायाला दुसरीही एक बाजू असते. तोही कोणाचा तरी मुलगा असतो आणि घरी पत्रे लिहीत असतो. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिची दुसरी पलटण आपल्या कामठीत उभारली गेली. त्याआधी पहिल्या महायुद्धात ज्यांना मराठा पलटणी म्हणत, त्यांतून मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून इराकमधील कूत येथे वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीस येऊन शरण गेल्या. एका छावणीत रोजा आणि एकादशी दोन्ही पाळणाऱ्या या माणसांनी जे लिहिले, लिहवून घेतले, ते आज कोठे आहे? आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

गोष्ट फ्रान्सपासून सुरू होते. २६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी फौजेची पहिली तुकडी मार्सेय बंदरात उतरली. २८ ऑक्टोबरला न्यू शापेल गावाच्या लढाईत खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या लढल्या. खंदक खणणे, पूल बांधणे हे त्यांचे खरे काम, पण त्या दिवशी त्यांना संगिनी घेऊन पुढे जावे लागले व फार मोठी हानी सोसावी लागली. या फौजेची टपाल वाढू लागली, तशी सरकारला चिंता वाटू लागली. अमेरिकेतून येणारे गदर पक्षाचे साहित्य शिपायांच्या हाती पडेल, ही मुख्य भीती. म्हणून हिंदी टपाल तपासण्याचे खास कार्यालय निघाले आणि ते पुढे बुलोन येथे स्थिर झाले. त्याचे प्रमुख सनदी नोकरीतले एव्हलिन हॉवेल. १९१५ च्या मार्चपर्यंत हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहू लागले होते. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी, पश्तू, गुजराती, बंगाली अशा अनेक लिप्या आणि भाषा, आणि वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी!

सगळी पत्रे वाचणे अशक्यच होते. त्यातली काही निवडून त्यांतील मजकुराचे इंग्रजी भाषांतर करायचे आणि शंभरेक उतारे दर आठवड्याच्या अहवालाला जोडायचे, अशी पद्धत पडली. प्रत्येक उताऱ्याच्या माथ्यावर लिहिणारा कोण, कोणत्या पलटणीचा वा इस्पितळातला, कोणत्या जातिधर्माचा, पत्र कोणाला, कोणत्या भाषेत, कोणत्या तारखेचे, हे नोंदलेले असे. वाचकहो, हीच त्या पत्रांची पहिली सूची. आणि ती कोणा ग्रंथपालाने केलेली नाही, पहारेकऱ्याने केलेली आहे, हे ध्यानात ठेवा.

आपले पत्र वाचले जाते, हे शिपायालाही ठाऊक होते. म्हणून तो आरंभी सरकारची तारीफ करी आणि मनातले आडपडद्याने सांगे. एका पत्रात काळी मिरी संपत आली आणि आता लाल मिरची वापरतात, अशा अर्थाचा मजकूर होता. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे! तपासनिसाने ते ओळखले, म्हणूनच ते आपल्यापर्यंत आले. जे त्याला ओळखता आले नाही, ते बुलोनहून तसेच पुढे निघून गेले.

हे अहवाल लंडनला इंडिया ऑफिसच्या दप्तरात गेले आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९९९ साली डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतील साडेसहाशेहून अधिक पत्रे निवडून छापली, तेव्हा जगाला त्यांची खरी ओळख झाली. पण छापली ती भाषांतरे. अम्मीला लिहिलेले उर्दू शब्द त्यांत नाहीत, आजोबांची मोडी नाही. तपासनिसाला जे काम करणारे वा धोक्याचे वाटले ते टिकले. बैल विकला का, बहिणीचे लग्न ठरले का, हे विचारणारी साधी पत्रे त्याने बहुधा उतरून घेण्याजोगी मानली नाहीत. माझ्या मते तीच अधिक मोलाची होती.

जर्मनांनीही एक संग्रह केला. बर्लिनजवळ व्ह्युन्सडोर्फ येथे हिंदी आणि मुसलमान युद्धकैद्यांची छावणी होती. कैद्यांना आपल्या बाजूला वळवण्यासाठी १९१५ साली तेथे लाकडी मशीदही बांधली होती. ती आता उरलेली नाही. तेथील कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले गेले आणि प्रत्येक तबकडीबरोबर बोलणाऱ्याचे नाव, जन्मगाव, भाषा, धर्म, धंदा यांचा एक तक्ता भरला गेला. तबकड्या आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. हेतू काहीही असो, तक्ता चोख भरला होता, म्हणून शंभर वर्षांनी आवाजाचा धनी सापडतो.

आता जरा मागे, पुण्याकडे पहा. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात लाखो मोडी कागद आहेत आणि फार्सी हस्तलिखितेही आहेत. पानिपतच्या मोहिमेतील पत्रे राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्याच खंडात आहेत. या पत्रांची सूची करणाऱ्याला पहिली अडचण तारखेची. मराठ्यांच्या पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. मराठी पदवीधर येथे गोंधळतो. पण मकतबात अरबी शिकलेल्या मुलाला ते चटकन उमगेल. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. त्यापुढे महिना जमादिलाखर. मग मोडकांची जंत्री उघडायची की जानेवारी १७६१ हाती येतो, म्हणजे ऐन पानिपताचा महिना! अशाच गरजेपोटी मंडळाच्या ग. ह. खरे यांनी फार्सीचा अभ्यास करून ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ हे खंड संपादले. विद्यार्थी मित्रांनो, जी अक्षरे तुम्हाला घरी सहज मिळाली, ती त्यांनी परिश्रमाने मिळवली.

हे सर्व सांगण्याचे कारण असे. बुलोनच्या कार्यालयाने बहुतेक पत्रे अडवली नाहीत, शिक्का मारून पुढे पाठवली. उतारा लंडनला राहिला आणि मूळ कागद पोस्टमनने खेड्यातल्या दारात नेऊन दिला. तेव्हा मूळ पत्र शोधायचे ते लंडनमध्ये नव्हे, आपल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. आणि ती पेटी दिवाळी-ईदच्या सफाईत रद्दीवाल्याकडे जाते. घरातल्या मुलांची शाळा मराठी, त्यामुळे दादांचे शिकस्ता उर्दू कोणाला लागत नाही. दुसऱ्या घरी मोडी लागत नाही. वाचता न येणारा कागद घरात जड होतो.

पालकांनी एक करावे. असा कागद सापडला तर चिकटपट्टी लावू नये, शाईने वर काही लिहू नये. शाळेच्या वहीत प्रत्येक कागदाला क्रमांक देऊन लिपी, भाषा, कोणाचे, कोणाला, गाव, तारीख जशी असेल तशी, पाने किती, आरंभीची आणि शेवटची ओळ, असे उतरून घ्यावे. न लागलेल्या शब्दाची जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये. आणि घरातील वृद्धांना शेजारी बसवून पत्र मोठ्याने वाचून घ्यावे.

पाकीट मात्र फेकू नका. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेसाठी साध्या हिंदी तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’ अशी अक्षरे छापलेली असत आणि त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसच्या क्रमांकाचा शिक्का पडे. पत्रात गावाचे नाव लिहिण्यास मनाई असे. पण त्या क्रमांकावरून पलटण त्या आठवड्यात कोठे होती, हे ताडता येते. तिकिटे जमवणारी मुले नेमका तोच कोपरा कात्रीने कापून घेतात.