नागरी मराए
नागरी मराए : न्यूझीलंडमधील शहरवासी माओरींनी कुटुंबांना सावरण्यासाठी आणि संस्कृतीशी तुटलेले नाते पुन्हा जोडण्यासाठी उभारलेले सामुदायिक स्थळ.

दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी मोठ्या संख्येने शहरांत आले. सरकारी घरे त्यांना गोऱ्या वस्त्यांत विखरून दिली गेल्याने भाऊबंदांचा आधार सुटला. ऑक्लंडमध्ये 1965 साली ते पुएआ मराए आणि 1980 साली होआनी वाइटिटी मराए सुरू झाले (पहा : माओरी, नागरीकरण). पटांगण, सभागृह व भोजनगृह ही त्यांची मुख्य अंगे. सभागृह पूर्वजाचा देह मानले जाते : आढे हा कणा, वासे या बरगड्या. मूळ मराए विशिष्ट कुळाच्या भूमीशी बांधलेले असते. म्हणून अनेक कुळांनी मिळून चालविलेले शहरी स्थळ अस्सल नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. मात्र स्वागतविधी, भाषा व वडीलधाऱ्यांचा अधिकार तेथेही चालतो, आणि आपले कूळच ठाऊक नसलेल्या मुलांना दुसरे दार क्वचितच उघडे असते. शासन समाजकल्याणाची आपली जबाबदारी मराएंवर ढकलते, ही टीका अधिक वजनदार आहे. तरीही ‘पुआओ-ते-आता-तू’ या सरकारी अहवालाने (1988) दाखविले की, कुटुंबाला वगळून घेतलेले बालकल्याणाचे निर्णय माओरींना घातक ठरले. 1989 च्या कायद्याने अशा निर्णयांसाठी कुटुंबपरिषदेला मान्यता दिली (पहा : बालन्याय). 2008 मध्ये गिझबर्न येथील मराएवर पहिले रांगाताही (माओरी रीतीने चालणारे) युवा न्यायालय भरले.