वटवट्यांची हद्द

गेल्या वर्षी एका कथेचं भाषांतर पाठवताना अर्जात एक रकाना भरायचा होता: मूळ भाषा. कथेतली माणसं सिंधुदुर्गात मालवणी बोलत निघतात आणि गोव्यात पोहोचेपर्यंत कोंकणी बोलू लागतात. एक बोली संपून दुसरी कोणत्या पानावर सुरू झाली, ते मला सांगता येईना.

जीवशास्त्रज्ञांना हा पेच जुनाच. १७६८ मध्ये इंग्लंडमधल्या सेलबर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने थॉमस पेनंटला पत्राने कळवलं, की 'विलो रेन' म्हणून ओळखले जाणारे चिमुकले हिरवट पक्षी एका नव्हे, तीन जातींचे आहेत. दिसण्यातला फरक बारीक. गाणी मात्र कायम निराळी. आज आपण त्यांना चिफचॅफ, विलो वॉर्ब्लर आणि वूड वॉर्ब्लर म्हणतो.

व्हाइटने कानावर विश्वास ठेवला ते योग्यच होतं. १९४२ मध्ये एर्न्स्ट मायरने जातीची जी व्याख्या मांडली, तिच्यात दिसण्याला दुय्यम स्थान आहे. निसर्गात आपसांत वीण होते की नाही, ही खरी कसोटी. गाण्यावरून पक्षी आपला जोडीदार ओळखतात. म्हणजे हद्द तेच आखतात, आपण ती वाचतो.

पण काही हद्दी वाचता येत नाहीत. हिवाळ्यात आपल्या झाडांवर येणाऱ्या हिरवट वटवट्याची कुळं हिमालयापासून तिबेटच्या पठाराला दोन्ही बाजूंनी वळसा घालत सायबेरियापर्यंत पसरली आहेत. वाटेत गाणं थोडं थोडं बदलत जातं. सायबेरियात दोन्ही टोकं एकाच जंगलात भेटतात, तेव्हा एकाचं गाणं दुसऱ्याला आपलं वाटत नाही. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे दाखवून दिलं. टोकाला जाती दोन. पण मधे रेघ कुठे मारायची? २०१४ मधल्या जनुकीय अभ्यासात या साखळीतही जुने तुटलेले आणि पुन्हा सांधलेले दुवे दिसले.

माझ्या कथेला हे दृष्टान्त म्हणून पुरतं, निवाडा म्हणून नाही. वटवट्यांना सूचीत आपलं नाव असण्याची गरज नसते, बोलणाऱ्यांना असते. कोंकणीला आठव्या अनुसूचीत जागा मिळायला १९९२ साल उजाडलं, आणि त्याआधी ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर कडाक्याचे वाद झाले. तिथे नुसता कान पुरला नसता.

मी रकान्यात दोन्ही नावं लिहिली. अर्ज परत आला: कृपया एकच लिहा. मी पुन्हा दोन्ही लिहून पाठवला आहे.