सी मध्ये युजरने आकडाच टाकलाय का, हे कसं तपासायचं?

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मी मार्कांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता. सरांनी मुद्दाम आकड्याऐवजी अक्षरं टाइप केली आणि स्क्रीनवर 'मार्क टाका' ही ओळ न थांबता पळत सुटली. माझे मार्क गेले ते गेलेच!

चूक माझीच. स्कॅनएफने किती आकडे वाचले ते तो परत सांगतो, मी ते बघितलंच नव्हतं. अक्षर दिसलं की तो ते तिथेच सोडतो, मग लूपमध्ये पुन्हा तेच अक्षर समोर. आकड्यामागे अक्षरं चिकटलेली असली तर आकडा गुपचूप घेतो. 'ए-टू-आय' तर त्याहून वाईट, अक्षरांनाही शून्य आणि खऱ्या शून्यालाही शून्य.

आता मी अख्खी ओळ एफगेट्सने वाचून स्ट्रटोलला देतो. आकडा कुठे संपला, याचा पॉइंटर तो देतो. पॉइंटर सुरुवातीलाच राहिला तर आकडा नाहीच. पुढे न्यूलाइनशिवाय काही उरलं तरी इनपुट नाकारायचं. आकडा लाँगमध्ये न मावणारा असेल तर एररनोमध्ये ई-रेंज येतं, फक्त आधी एररनो शून्य करून ठेवा. मार्क १०० च्या आत आहेत का, हे मात्र तुम्हालाच बघावं लागेल.

आणि हो, मराठी कीबोर्डवरचा देवनागरी आकडा यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्सचा असतो. स्ट्रटोल त्याला आकडा मानत नाही.