ऑक्सफर्डच्या कॉलेजांनी रस्त्याकडे पाठ का फिरवली?

आजचा भाग पायी फिरायचा आहे. इअरफोन लावा आणि चला माझ्यासोबत इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला. चालायचं अंतर जेमतेम दोन किलोमीटर, पण तेवढ्यात आपण साडेचारशे वर्षं पार करणार आहोत.

ऑक्सफर्डचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पिवळसर दगड, टोकदार मनोरे, मधोमध हिरवळ. पण प्रत्यक्ष रस्त्यावरून चालताना मला आधी दिसल्या त्या भिंती. उंच भिंत, त्यात एक जाड लाकडी दार, आणि सगळं सौंदर्य त्या दाराच्या आत. जिथे जगभरातून लोक शिकायला येतात, तिथल्या इमारती गावाकडे पाठ करून का बसल्यात? हा एकच प्रश्न घेऊन आज आपण फिरू.

पहिला थांबा, जुन्या उत्तर वेशीजवळचा सेंट मायकल चर्चचा बुरूज. हा ११व्या शतकातला, आज उभ्या असलेल्या इमारतींमध्ये शहरातली सगळ्यात जुनी. लक्षात घ्या, तेव्हा इथे विद्यापीठ नव्हतं. गाव होतं, बाजार होता, वेस होती. शिकवणारे आणि शिकणारे नंतर आले. आणि आले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःची एक वीटसुद्धा नव्हती. गुरुजी भाड्याच्या खोलीत शिकवायचे, पोरं गावकऱ्यांच्या घरात भाड्याने राहायची.

आता भाडेकरू आणि घरमालक म्हटलं की पुढचं तुम्हाला सांगायला नको. भाडं जास्त, पाव महाग, दारू पातळ! त्यात भर अशी की विद्यार्थी कायद्याने धर्मसंस्थेतले मानले जायचे. त्यांनी गुन्हा केला तरी गावाचं न्यायालय त्यांना हात लावू शकत नव्हतं. गावकऱ्यांचा राग काही उगाच नव्हता.

१२०९ मध्ये एका बाईचा खून झाला आणि संशय एका विद्यार्थ्यावर आला. तो पळाला. मग त्याच्यासोबत राहणाऱ्यांना पकडून फाशी दिलं गेलं. शिकवणं बंद पडलं, लोक गाव सोडून गेले, आणि त्यातले काही केंब्रिजला स्थिरावले. हो, केंब्रिज विद्यापीठाची सुरुवात या भांडणातून झाली. विद्वान निघून गेल्यावर गावाला त्यांची किंमत कळली. १२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने तडजोड घडवली. विद्यार्थ्यांच्या घरांचं भाडं १० वर्षांसाठी निम्मं झालं. शिवाय सेंट निकोलसच्या सणाला दरवर्षी १०० गरीब विद्यार्थ्यांना गावाने जेवण द्यायचं.

इथून दक्षिणेला दोन मिनिटं चाललं की कारफॅक्स येतं. हे नाव चार फाटे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. म्हणजे आपला चौफुलाच! कोपऱ्यावर २३ मीटर उंचीचा एक मनोरा एकटाच उभा आहे. हे गावकऱ्यांचं सेंट मार्टिन चर्च. बाकीचं चर्च १८९६ मध्ये रहदारीसाठी पाडलं, मनोरा तेवढा राहिला. समोरच्या कोपऱ्यावर भिंतीत एक छोटी पाटी आहे, ती चुकवू नका. तिथे स्विंडलस्टॉक नावाची खानावळ-कम-दारूचं दुकान होतं.

१० फेब्रुवारी १३५५. दोन विद्यार्थी तिथे बसले आणि वाइन भिकार आहे म्हणून कुरकुरले. दुकानदारानेही उलट ऐकवलं. पोरांनी वाइन त्याच्या तोंडावर फेकली आणि त्याला मारलं. गावकऱ्यांनी सेंट मार्टिनची घंटा बडवली. विद्यापीठाने हाय स्ट्रीटवरच्या सेंट मेरी चर्चची घंटा बडवली. दुसऱ्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून लोक हत्यारं घेऊन आले. तीन दिवस मारामारी चालली. परंपरेने सांगितला जाणारा आकडा ६३ विद्यार्थी आणि सुमारे ३० गावकरी. एवढी माणसं गेली.

राजा तिसरा एडवर्ड विद्यापीठाच्या बाजूने उभा राहिला. पाव आणि बिअर यांची देखरेख, बाजारातली वजनं-मापं, हे सगळं विद्यापीठाच्या कुलपतीकडे गेलं. म्हणजे वाइनवरून सुरू झालेल्या भांडणात गावाच्या हातून बाजारच गेला! वर शिक्षा अशी की दरवर्षी त्याच दिवशी महापौर आणि गावच्या प्रमुख मंडळींनी विद्यापीठाच्या चर्चमध्ये प्रार्थनेला यायचं आणि माणशी एक पेनी द्यायची. मिळून ६३ पेन्स. हे किती वर्षं चाललं असेल? १८२५ पर्यंत. त्या वर्षी महापौरांनी यायला नकार दिला, तेव्हा कुठे संपलं.

हा दंड जिथे भरला जायचा ते सेंट मेरी चर्च पाच मिनिटांवर आहे. त्याचा मनोरा १३व्या शतकातला. मनोऱ्याला लागून एक साधी दुमजली इमारत दिसेल. १३२० च्या सुमारास बांधलेली ही विद्यापीठाची पहिली स्वतःची इमारत. खाली सभा, वर पुस्तकं.

आता उजवीकडच्या गल्लीतून मर्टन कॉलेज. स्थापना १२६४. इथला मॉब क्वाड बघा: चारही बाजूंनी खोल्या, मधे मोकळी जागा. आपल्या वाड्यातला चौकच म्हणा ना. हा ९० वर्षांत तुकड्या-तुकड्याने बांधला गेला. कोपऱ्यात कागदपत्रं आणि पैसे ठेवायची खोली आहे. तिचं तीव्र उताराचं छप्परही दगडी, आगीपासून जपण्यासाठी. अर्थात मर्टन १३५५ च्या आधीचं आहे. तेव्हा दंगल झाली म्हणून चौक आले, इतकं सोपं हे नाही. मठांची पद्धत होती, थंडी होती, शिस्त होती. पण दंगलीनंतर बंद चौकाची गरज सगळ्यांना पटली असावी, असं मला वाटतं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे न्यू कॉलेज. नाव 'न्यू', वय साडेसहाशेच्या घरात! १३७९ मध्ये बिशप विल्यम ऑफ विकमने ते स्थापन केलं. चौक, प्रार्थनागृह, जेवणाचं दालन, ग्रंथालय, सगळं एकदम आखून बांधलं. आणि कॉलेजच्या प्रमुखाचं घर बरोब्बर मुख्य दाराच्या वर, आत-बाहेर कोण करतं ते दिसावं म्हणून. जागा शहराच्या तटाला लागून होती, त्यामुळे अट पडली की तटाची डागडुजी कॉलेजनेच करायची. म्हणून आज ऑक्सफर्डचा तट नीट बघायचा तर कॉलेजच्या बागेत जावं लागतं. दर ३ वर्षांनी महापौर आत येऊन पाहणी करतात. गावाचा तट, पण तो बघायला गावालाच दुसऱ्याच्या दारातून यावं लागतं.

शेवटचा थांबा डिव्हिनिटी स्कूल, १४८८ मध्ये पूर्ण झालेलं. हॅरी पॉटरमधला दवाखाना आठवतो? तेच हे दालन. मान वर करा. दगडी छतावर ४५५ कोरीव गाठी आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर देणगीदारांची चिन्हं आणि आद्याक्षरं. पैसे देणाऱ्यांची नावं छतावर राहिली. त्या तीन दिवसांत मेलेल्या गावकऱ्यांची कुठे दिसली नाहीत.

१९५५ मध्ये, ६०० वर्षांनी, दोन्ही बाजूंनी समेट केला. विद्यापीठाने महापौरांना मानद पदवी दिली आणि शहराने कुलगुरूंना मानद नागरिक केलं. भिंती मात्र तशाच आहेत, आणि अनेक कॉलेजांत आत जायला आता तिकीट लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुठलीही जुनी, देखणी इमारत बघाल, तेव्हा फोटो काढण्याआधी दार शोधा. ते कुणासाठी उघडं होतं आणि कुणासाठी बंद, एवढं विचारलंत तरी अर्धा इतिहास कळतो. भेटूया पुढच्या भागात!