पूर्वभागाची तेलुगू आणि शाळेतील मराठी

सोलापूर - शहराच्या पूर्वभागात आजही अनेक घरांत मूल पहिले शब्द बोलते ते तेलुगूतून. शाळेत पाऊल टाकताच मात्र त्याची गाठ मराठीशी पडते.

सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली. पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ती ओळखली गेली. गिरण्या व हातमागांवरील कामासाठी तेलंगणातील पद्मशाली विणकर येथे आले आणि स्थायिक झाले. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. साहजिकच नोकरी आणि कचेरीतील कामांसाठी ती येणे या कुटुंबांनाही अपरिहार्य ठरले.

कायदा काय सांगतो?

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी राज्यांनी कराव्यात, असे राज्यघटनेचा ३५०-अ हा अनुच्छेद सांगतो. अल्पसंख्याकांच्या शाळांतही मराठी सक्तीची करण्याचे राज्याचे धोरण सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये वैध ठरविले. त्यानंतर २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य केली. २०२०-२१ पासून पहिली व सहावीपासून टप्प्याटप्प्याने त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कायदा मोडणाऱ्या शाळेच्या व्यवस्थापकीय प्रमुखास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पाठ्यपुस्तकातील फरक

इतर माध्यमांच्या शाळांत मराठी शिकविण्यासाठी 'सुलभभारती' हे पाठ्यपुस्तक आहे. मराठी परकी असलेल्या मुलांचा विचार करून त्याची रचना केलेली असते. परंतु तेलुगूभाषिक मूल मराठी माध्यमात दाखल झाले, की त्याच्या हाती मराठीभाषिक मुलांसाठीचेच 'बालभारती' पडते. शाळेच्या दप्तरी ते मराठी माध्यमाचा विद्यार्थी असते. त्याच्या घरच्या भाषेचा हिशेब पाठ्यपुस्तकात नसतो.

अशा मुलास प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते, पण मराठी शब्द सापडत नाही. त्याच्या मौनाला 'कच्चा' असा शिक्का बसू नये, यासाठी पहिलीच्या वर्गावर थोडीफार तेलुगू जाणणारा शिक्षक असणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. शिक्षणहक्क कायदाही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्यास सांगतो. मराठीची सक्ती कागदावर पूर्ण झाली आहे. ती शिकविण्याची जबाबदारी वर्गात पूर्ण व्हायची आहे.