निविदेची वेस ओलांडताना

शाळेचे बाक, रुग्णालयातील औषधे, गावाची नळयोजना, शहराच्या बसगाड्या. या सगळ्यांचा प्रवास एका निविदा सूचनेपासून सुरू होतो, आणि ती सूचना आपल्यापैकी फार थोडे जण वाचतात. युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार युरोपीय संघातील सार्वजनिक संस्था दरवर्षी संघाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १४ टक्के रक्कम अशा खरेदीवर खर्च करतात. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने कोणाकडून माल घ्यावा याचे नियम रूक्ष वाटतात हे मान्य. पण वाचकांनी थोडा धीर धरला तर त्यात राज्यकारभाराचे फार जिवंत चित्र सापडते.

एखादा देश व्यापारी संघात सामील होतो तेव्हा चर्चा होते ती जकातीची. मात्र जकात शून्यावर आणूनही सरकारला आपल्याच कारखानदाराकडून खरेदी करत राहता येते. त्यासाठी सीमेवर नाका लागत नाही, निविदेतील एक अट पुरते. हे ओळखूनच युरोपीय समुदायाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाने, १९७१ मध्ये बांधकामांसाठी आणि १९७६ मध्ये मालपुरवठ्यासाठी समाईक निर्देश काढले. नव्या सदस्याला हे सारे स्वीकारावेच लागते.

पोलंडचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. साम्यवादी राजवट गेल्यानंतर तिथे १० जून १९९४ रोजी सरकारी खरेदीचा कायदा झाला, आणि त्यात देशी निविदाकारांना झुकते माप देण्याची सोय होती. हा नियमभंग नव्हता. युरोपीय समुदायाशी झालेल्या सहयोग करारातच तशी सवड होती: पोलिश कंपन्यांना समुदायाच्या निविदा करार लागू होताच, म्हणजे फेब्रुवारी १९९४ पासून, खुल्या झाल्या; उलट दिशेचे दार उघडायला पोलंडला दहा वर्षांपर्यंतची मुदत होती. दुबळ्या बाजूला आधी घ्यायला आणि मग द्यायला लावणारी ही रचना मला तरी शहाणपणाची वाटते. पुढे २९ जानेवारी २००४ रोजी नवा कायदा झाला आणि १ मे रोजी पोलंड सदस्य झाला. गंमत अशी, की या दोन तारखांच्या मध्येच, ३१ मार्चला, संघाने स्वतःचे खरेदी-निर्देश बदलले. ताजा कायदा पुन्हा दुरुस्तीला काढावा लागला. सदस्य होणे म्हणजे एकदा नियम उतरवून घेणे, ही समजूत इथे गळून पडते.

पण कायदा बदलला म्हणून खरेदी बदलते का? यासाठी आयर्लंडमधल्या डंडॉक गावाच्या पाणीयोजनेकडे वळू. आयर्लंड १९७३ मध्ये समुदायात आला. त्यानंतर काही वर्षांनी या योजनेच्या निविदेत अट होती, की नळ अमुक आयरिश मानकाप्रमाणे प्रमाणित असावेत. ते प्रमाणपत्र एकाच कारखान्याकडे होते, आणि तो आयर्लंडमधलाच. एका कंत्राटदाराने तीन निविदा भरल्या. त्यांतली सर्वांत कमी दराची निविदा स्पेनमध्ये बनलेल्या नळांवर आधारलेली होती. ते नळ आंतरराष्ट्रीय मानकात बसत होते, तरी निविदा विचारात घेतली गेली नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. बांधकामाच्या निर्देशातून पाणीपुरवठा वगळलेला होता, त्यामुळे आयर्लंडची बाजू भक्कम दिसत होती. तरीही १९८८ मध्ये न्यायालयाने समुदायाच्या मूळ करारातील मालाच्या मुक्त वाहतुकीच्या तरतुदीचा आधार घेतला आणि त्या मानकाच्या तोडीचा माल चालेल असे निविदेत न म्हणणे हाच भंग ठरवला. नव्या अभ्यासकाला मी हा निकाल सर्वांत आधी वाचायला सांगेन.

दुसरे प्रकरण ऑस्ट्रियाचे. हा देश १९९५ मध्ये संघात आला. पुढच्याच वर्षी महामार्गांवरील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे कंत्राट दिले गेले आणि त्याच दिवशी करारावर सह्याही झाल्या. हरलेल्यांना बातमी कळली वर्तमानपत्रातून. तक्रारीचा हक्क कायद्यात होता, पण तो वापरायला दिवसच उरला नव्हता. १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितले, की निवड आणि सही यांच्यामधल्या टप्प्यावर निवडीला आव्हान देता आले पाहिजे. २००७ च्या निर्देशात त्यासाठी किमान दहा दिवसांची थांबण्याची मुदत आली. खरेदीच्या नियमांतली सर्वांत मोलाची सुधारणा कोणती, असे विचारले तर मी या दहा दिवसांकडे बोट दाखवेन. निविदा खुली आहे की नाही हे जिंकणाऱ्याला विचारून कळत नाही.

म्हणून तुम्ही या विषयात शिरताना कायद्याच्या पहिल्या कलमापासून सुरुवात करू नका. आधी एखादी तक्रार घ्या, मग ज्या अटीवर ती उभी आहे ती निविदेतली अट, आणि शेवटी कायदा. व्याख्या आणि रकमेच्या मर्यादा आपोआप जागेवर बसतील.

मराठी वाचकाला हा विषय आता परका राहिलेला नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी कराराचा भारत सदस्य नाही. २०१० पासून तो निरीक्षक आहे. पण २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातींशी आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारांत सरकारी खरेदीचे स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचताना मजकुराआधी त्याला जोडलेल्या याद्या पाहाव्यात, कारण कोणती खाती खुली केली हे तिथेच कळते. ब्रिटनशी झालेल्या करारात भारताने केंद्राच्या खात्यांची खरेदी खुली केली आहे. राज्यांची आणि महापालिकांची खरेदी त्याबाहेर आहे.